दर उन्हाळ्यात गॅस भरायचा, की एसीच बदलायचा?

प्रश्न : आमचा दीड टनाचा एसी २०१३ चा. तीन वर्षं झाली, दर एप्रिलमध्ये गॅस भरतोय. मेकॅनिक म्हणतो, नवीन घ्या. काय करावं?
– एक वाचक भगिनी, भुसावळ

उत्तर : ताई, एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. बंद नळ्यांतच फिरतो. दरवर्षी भरावा लागतो म्हणजे गळती आहे, आणि ती न शोधता भरणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणं. आधी नायट्रोजनच्या दाबाने गळती शोधायला सांगा. सांध्यात असेल तर झाळून भागेल. आतल्या कॉइललाच बारीक छिद्रं पडली असतील, तर एवढ्या जुन्या मशीनला नवी कॉइल घालू नका.

बाहेरच्या युनिटवरचं लेबल वाचा. ‘आर-२२’ लिहिलं असेल, तर तो ओझोनला मारक गॅस. आपल्याकडे २०३० पर्यंत त्याचा वापर जवळजवळ बंद करायचं ठरलंय. त्यात नवा आर-३२ भरून घेऊ नका. त्याचा दाब जास्त आणि तो थोडा ज्वलनशीलही.

कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, गेला तर मात्र विचारच नको, एसीच बदला.

पण घाई नको. मी स्वतः जळगावात एक चांगला एसी भंगारात दिला. नंतर कळलं, फक्त कपॅसिटर, म्हणजे मोटर सुरू करून देणारा छोटा भाग, गेला होता! आजही बायको ऐकवते. आणि आपल्याकडे पारा ४५ च्या घरात. युनिट पश्चिमेच्या उन्हात, जाळीत काळ्या मातीची धूळ, तर नवा एसीही धापाच टाकेल.