जुन्या इंजिनसाठी टायमिंग लाइट: साधी की डायलवाली?

पॉइंट्स (ठिणगी पाडण्यासाठी उघडझाप करणारा स्विच) आणि डिस्ट्रिब्युटर (ठिणगी एकेका प्लगला वाटणारा भाग) असलेलं जुनं चार सिलिंडरचं इंजिन तुम्हाला स्वतः ट्यून करायचंय, आणि साधी टायमिंग लाइट (ठिणगी पडताच चमकून क्रँकशाफ्टच्या पुलीवरची खूण दाखवणारा दिवा) पुरेल की अ‍ॅडव्हान्सचा, म्हणजे पिस्टन अगदी वर पोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पडते त्याचा, डायल असलेली महाग लाइट घ्यावी, असा प्रश्न आहे. इंजिन एकच असेल तर साधी घ्या. फक्त ती झेनॉनची आणि क्लॅम्पवाली हवी.

प्लग आणि वायरच्या मध्ये जोडायची जुनी निऑन लाइट टाळा. तिचा उजेड लालसर, मिणमिणता असतो. दिवसा पुलीवरची खूण दिसतच नाही. झेनॉनची लाइट बॅटरीवर चालते आणि तिचा क्लॅम्प एक नंबर सिलिंडरच्या प्लग वायरला बाहेरूनच लावायचा. क्लॅम्पवर बाण असेल तर तो प्लगकडे. घेताना क्लॅम्प उघडून बघा: आतले फेराइटचे दोन काळे तुकडे एकमेकांवर नीट बसले पाहिजेत. त्यांच्यामध्ये कचरा असला किंवा एखाद्याचा टवका उडालेला असला, की लाइट मध्येच एखादी ठिणगी चुकवते. गाडी 6 व्होल्टची असेल तर लाइटला वेगळी 12 व्होल्टची बॅटरी द्या.

डायलवाली लाइट काय करते? ठिणगी पडल्यावर तुम्ही लावलेल्या अंशांइतकं थांबून मग चमकते, म्हणजे खूण शून्यावर (पिस्टन अगदी वर असतो ती जागा) आणून डायल वाचायचा. पण 3000 आरपीएमला एक फेरा 20 मिलिसेकंदांत होतो, म्हणजे एका अंशाला मिलिसेकंदाचा अठरावा भाग. हा हिशेब लाइट मागच्या ठिणग्यांवरून करते, त्यामुळे आरपीएम हलला की वाचनही हलतं. दोन प्लगना मिळून एकच कॉइल असेल तर काही लाइट दुप्पट अंश दाखवतात. वेगवेगळी इंजिनं हाताळणाऱ्याला डायल उपयोगी आहेच. तुम्ही मात्र पुलीवरच खुणा करा. 150 मिलिमीटर व्यासाच्या पुलीवर एक अंश म्हणजे साधारण 1.3 मिलिमीटर, 30 अंश म्हणजे 39. पुली ज्या दिशेने फिरते त्या दिशेला, शून्याच्या खुणेच्या पुढे मोजा आणि पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढा.

पण त्याआधी शून्याची खूण खरी आहे का ते तपासा, हे मी कळकळीने सांगतोय. माझ्या एका इंजिनावर लाइट बरोबर 8 अंश दाखवत होती, तरी गाडी चढावर दम टाकायची. कार्ब्युरेटर दोनदा उघडला. शेवटी कळलं की पुलीची बाहेरची रिंग आतल्या रबरावरून घसरली होती, आणि तिच्याबरोबर खूणही. प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप (पिस्टनला अडवणारा दांडा) बसवा, इंजिन हाताने सावकाश दोन्ही बाजूंना अडेपर्यंत फिरवा आणि दोन्ही वेळा इंजिनावरच्या स्थिर पॉइंटरसमोर पुलीवर खूण करा. त्या दोन खुणांचा मध्य म्हणजे खरा टॉप डेड सेंटर, पिस्टन सर्वांत वर असतो ती जागा, म्हणजेच खरं शून्य. स्टार्टर मारून हे करू नका.

मग पॉइंट्सचा गॅप आधी लावा, कारण गॅप बदलला की टायमिंगही बदलतं. मॅन्युअल सांगत असेल तर डिस्ट्रिब्युटरला जाणारा व्हॅक्यूमचा पाइप काढून त्याचं तोंड बंद करा. आरपीएम मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच ठेवा, नाहीतर वेग वाढल्यामुळे डिस्ट्रिब्युटरमधली वजनं उघडून आकडा आधीच वाढलेला दिसेल. आणि लाइटची वायर लांब असू द्या. त्या चमकत्या उजेडात फिरता पंखा थांबल्यासारखा दिसू शकतो, तेव्हा बाही, वायर आणि हात त्याच्यापासून लांब ठेवा.