पाणबुडीवरच्या नाविकाला 'जलसमाधी' मिळते का?

एका वाचकांचा प्रश्न असा आहे: दुसऱ्या महायुद्धात 'ग्रेबॅक' या अमेरिकी पाणबुडीबरोबर बुडालेल्या एका तरुण नाविकावर त्यांना मराठीत छोटा स्मरणलेख लिहायचा आहे. मूळ नोंदीत त्याच्याविषयी 'लॉस्ट ॲट सी' आणि 'ऑन इटर्नल पट्रोल' (शब्दशः, कायमच्या गस्तीवर) असे दोन शब्दप्रयोग आहेत. पहिल्यासाठी 'समुद्रात हरवला' त्यांच्या कानाला खटकते, म्हणून 'त्याला जलसमाधी मिळाली' असे लिहावे का, आणि दुसऱ्याचे काय करावे, अशी त्यांची पृच्छा आहे.

'जलसमाधी' टाळावा, असे माझे मत आहे. समाधी ही घ्यायची गोष्ट आहे. ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली असेच आपण म्हणतो, आणि प्रकल्पग्रस्त जेव्हा 'जलसमाधी घेण्याचा इशारा' देतात तेव्हाही त्या शब्दातला स्वेच्छेचा अर्थ शाबूत असतो. वृत्तपत्रांनी मात्र बुडालेल्या जहाजाला 'जलसमाधी मिळाली' असे लिहिण्याचा प्रघात पाडला आणि तो आता इतका रुळला आहे की जहाजापुरती त्याला हरकत घेण्यात अर्थ नाही, कारण जहाजाला इच्छा नसते. माणसाच्या बाबतीत ती सूट घेता येत नाही. बॉम्ब पडून बुडालेल्या पाणबुडीत अडकलेल्या विशीतल्या मुलाच्या मृत्यूला 'समाधी' म्हटले की त्यात शांतीची आणि स्वीकाराची अशी छटा येते, जिला कोणताही आधार नाही.

शब्द निवडण्याआधी काय घडले ते पाहिले पाहिजे. 'ग्रेबॅक' 28 जानेवारी 1944 रोजी पर्ल हार्बरहून आपल्या दहाव्या युद्धगस्तीवर निघाली. 25 फेब्रुवारीला तिच्याकडून आलेल्या संदेशानुसार तिच्याजवळ दोनच टॉर्पेडो उरले होते, म्हणून तिला परत फिरण्याचा आदेश मिळाला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ती मिडवे बेटाला पोचायला हवी होती. ती आली नाही, आणि महिनाअखेरीस नौदलाने तिला तिच्या 80 जणांसह बेपत्ता ठरवले. अशा पाणबुड्यांसाठी अमेरिकी नौदलाचे ठरीव वाक्य होते: 'ओव्हरड्यू अँड प्रिझ्यूम्ड लॉस्ट', म्हणजे मुदत उलटून गेली आहे आणि बुडाली असे गृहीत धरले आहे. या वाक्यात शोकाचा शब्द एकही नाही, आणि माहीत नसलेल्या गोष्टीचा दावाही नाही.

माहिती होती ती जपानी कागदपत्रांत. 27 फेब्रुवारीला एका जपानी विमानाने टाकलेला बॉम्ब पाणबुडीवर आदळून ती तत्काळ बुडाल्याचा अहवाल सासेबोच्या नौदल तळाच्या नोंदींत होता. युद्धानंतर त्याचे भाषांतर करताना रेखांशातला एक अंक चुकला आणि बुडाल्याची जागा सुमारे शंभर मैल दूर दाखवली गेली. ती चूक एका जपानी संशोधकाने मूळ नोंद पुन्हा वाचून पकडली, आणि 2019 मध्ये ओकिनावाच्या दक्षिणेला सुमारे 1,400 फूट खोलीवर 'ग्रेबॅक'चे अवशेष सापडले. भाषांतर करणाऱ्यांनी ही हकीकत लक्षात ठेवावी. आपल्या चुका एवढा काळ कुणाला पाण्याखाली ठेवत नाहीत, एवढेच.

आता 'हरवला'. हा शब्द खटकतो तो योग्यच, कारण मराठीत वस्तू हरवते, जत्रेत मूल हरवते, आणि दोन्ही सापडण्याची आशा त्या क्रियापदात असते. जो परत मिळणार नाही तो 'हरपतो': मातृछत्र हरपते, आधार हरपतो. कुटुंबाच्या बाजूने लिहिताना 'समुद्रात हरपला' हे म्हणूनच चालेल. पण 'हरपला' सांगतो तो मागे राहिलेल्यांचा तोटा. त्या माणसाचे काय झाले हे तो सांगत नाही. लेखाच्या निवेदनात 'बेपत्ता' हा रुक्ष शब्द अधिक खरा आहे. अमेरिकेत 1942 च्या कायद्याप्रमाणे बेपत्ता सैनिकाविषयी साधारणपणे बारा महिन्यांनंतर मृत्यूचा निष्कर्ष काढता येत असे. तोवर तो कागदोपत्री जिवंतही नसे आणि मृतही नसे. त्या काळापुरते 'बेपत्ता' याखेरीज दुसरे काहीही लिहिणे चुकीचे ठरेल. पुढे मृत्यू गृहीत धरला गेला तरी होनोलुलूच्या पंचबोल दफनभूमीतल्या ज्या भिंतींवर अशी नावे कोरली आहेत त्यांना आजही 'कोर्ट्स ऑफ द मिसिंग', म्हणजे बेपत्तांची प्रांगणे, असेच म्हणतात.

ही मधली अवस्था मराठी वाचकाला परकी नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या मृत्यूची खात्री पार्वतीबाईंना पटली नाही, त्यांनी वैधव्य स्वीकारले नाही, आणि त्याच अनिश्चिततेतून भाऊंचा तोतया उभा राहिला, ज्याला 1776 मध्ये मृत्युदंड झाला. या घटनेने 'तोतया' हा शब्द आपल्या बोलण्यात पक्का केला. पार्वतीबाईंच्या अवस्थेला मात्र आपण वेगळे नाव दिले नाही.

'वीरगती', 'शहीद', 'हुतात्मा' यांविषयी थोडक्यात सांगतो. हे गौरवाचे शब्द आहेत, माहितीचे नाहीत, आणि परदेशी नौदलातल्या नाविकाविषयी मराठीत लिहिताना त्यांतून लेखकाची भक्ती तेवढी दिसते. 'धारातीर्थी पडला' हे तलवारीच्या धारेला तीर्थ मानणारे सुंदर रूपक आहे, पण पाण्याखालच्या पोलादी नळीत ते बसत नाही. बखरींतला 'कामी आला' मात्र मला अजूनही आवडतो. त्यात शौर्याची जाहिरात नाही, युद्धात मेला एवढेच तो सांगतो, आणि देह सापडला की नाही यावर तो अडून राहत नाही.

'ऑन इटर्नल पट्रोल' समजण्यासाठी 'पट्रोल' म्हणजे काय ते पाहावे लागते. अमेरिकी पाणबुडीदलात तो मोजण्याचा शब्द होता: तळावरून निघून शत्रूच्या पाण्यात काही आठवडे काढून परतणे म्हणजे एक गस्त, आणि तिला क्रमांक मिळे. जी पाणबुडी परतली नाही तिची शेवटची गस्त पुरी झालीच नाही, म्हणून ती 'अजून गस्तीवर'च आहे, असा हा हिशेब आहे. त्या युद्धात अमेरिकेच्या अशा 52 पाणबुड्या गेल्या आणि सुमारे 3,500 माणसे गेली. गस्तीवर गेलेल्यांपैकी साधारण पाचातला एक. म्हणूनच हा शब्दप्रयोग त्या दलात घराघरातला झाला. त्यासाठी 'चिरगस्त' किंवा 'अनंत गस्त' असे जोडशब्द बनवण्याची काही गरज नाही. ते संस्कृत स्तोत्रातून उतरल्यासारखे वाटतात, आणि 'गस्त' हा फारसी शब्द 'चिर' शेजारी अवघडून बसतो. 'अजून गस्तीवर आहे' हे साधे मराठी आहे. त्याहूनही मला 'गस्तीवरून परतला नाही' हे पटते, कारण नकारार्थी क्रियापदात जेवढे ठाऊक आहे तेवढेच येते.

राहिला 'सबमरीनर', म्हणजे पाणबुडीवर काम करणारा. त्याला 'पाणबुड्या' म्हणू नये. तो शब्द पाण्यात बुडी मारणाऱ्याचा आहे, आणि पाणबुडीवरचा नाविक पाण्यात उतरत नाही. 'पाणबुडीवरील नाविक' हे लांब असले तरी निःसंदिग्ध आहे. अमेरिकी नाविक पाणबुडीला जहाज न म्हणता 'बोट' म्हणतात. रत्नागिरीकडे 'तो बोटीवर आहे' याचा अर्थ जहाजावर नोकरीला आहे असा होतो, त्यामुळे कोकणातल्या वाचकाला 'बोटीवर होता' हे सहज कळेल, पण मग ती बोट पाण्याखालची होती हे एकदा सांगावे लागेल.

मुंबईतल्या मसजिद बंदराजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात मेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे. समुद्राखेरीज ज्यांना दुसरी कबर नाही अशांचे ते आहे. प्रश्नकर्त्यांना ही कबरीची कल्पना वापरायची असेल तर 'समुद्र हीच त्याची कबर' असे सरळ लिहावे, त्यासाठी 'समाधी' लागत नाही. माझ्या मते त्यांच्या लेखाचे पहिले वाक्य असे होईल: 'ग्रेबॅक या अमेरिकी पाणबुडीवरील हा नाविक गस्तीवरून परतला नाही; फेब्रुवारी 1944 मध्ये ओकिनावाजवळ पाणबुडीवर बॉम्ब पडून तो आपल्या सर्व सोबत्यांसह कामी आला, हे पुढे जपानी नोंदींवरून कळले.' नाव आणि हुद्दा त्यांनी घालावा.