सही खरी असेलही, पण शर्ट कुठला?

प्रश्न : नमस्कार. मी निवृत्त शिक्षक, जुळे सोलापुरात राहतो. क्रिकेटचं वेड लहानपणापासूनचं. ओळखीतून पुण्याच्या एका गृहस्थांशी फोनवर बोलणं झालं. त्यांच्याकडं दोन वस्तू विकायला आहेत. एक, सचिन तेंडुलकरनं २००८ च्या चेन्नई कसोटीत घातलेला पांढरा शर्ट. पाठीवर दहा नंबर, त्याखाली सही, काचेच्या फ्रेममध्ये. दुसरी, पॉली उम्रीगर यांनी १९५५ साली हैदराबादला द्विशतक काढलं ती बॅट. त्याच संध्याकाळी ड्रेसिंग रूममध्ये काळ्या मार्करनं सही केलेली. दोन्हींबरोबर होलोग्राम लावलेलं प्रमाणपत्र. मिळून तीन लाख चाळीस हजार, रोख. मुंबईची पार्टी मागं लागली आहे म्हणाले, म्हणून अकरा हजार टोकन यूपीआयनं पाठवलं. पैसे फंडातले आहेत आणि घरून विरोध आहे. घ्यावं का?

उत्तर : गुरुजी, घेऊ नका. फोनवर हे सांगितलंच आहे, पण अशीच विचारणा आणखी वाचकांकडून येते, म्हणून इथं सविस्तर लिहितो.

माझी नोकरी मिलच्या प्रोसेसिंग खात्यात झाली. तिथं ताग्यावरचा शिक्का वाचून माल पास होत नसे. तागा उलगडायचा, पिक ग्लास, म्हणजे धागे मोजायचं भिंग, लावायची, ताणाबाणा मोजायचा. तीच खोड अजून आहे. कुणी प्रमाणपत्र पुढं केलं की मी ते बाजूला ठेवतो आणि वस्तू मागतो.

आधी शर्ट. १५ डिसेंबर २००८, चेपॉक, ३८७ चा पाठलाग, सचिन नाबाद १०३. मुंबईवरच्या हल्ल्याला तीन आठवडेही झाले नव्हते. तो दिवस कोण विसरेल? पण कसोटीच्या पांढऱ्या शर्टावर नाव-नंबर आले ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये, बर्मिंगहॅमच्या अ‍ॅशेस कसोटीपासून. आपल्या संघानं ते त्याच महिन्यात वेस्ट इंडिजमध्ये घातले. सचिन तर २०१३ च्या नोव्हेंबरातच निवृत्त झाला. मग २००८ च्या शर्टावर दहा नंबर कुठून आला? त्या डावाचे फोटो आणि चित्रफिती भरपूर आहेत. एकात जरी पाठीवर दहा दिसला तर मला कळवा.

म्हणजे सही खोटीच, असं मी म्हणत नाही. दुकानातला शर्ट घेऊन कुणी त्यावर खरी सही घेतली असेलही. पण चाहत्याच्या शर्टावरची सही आणि मैदानात घामानं भिजलेला शर्ट यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. त्यातून सचिननं चोवीस वर्षं सह्या दिल्या आहेत. नुसती सही काही दुर्मीळ नव्हे.

बॅटीचं प्रकरण जास्त चलाख आहे. उम्रीगरांचं लहानपण सोलापुरात गेलं, हे पार्क मैदानावर बसणाऱ्या कुठल्याही जुन्या माणसाला ठाऊक असतं. विकणाऱ्यालाही ठाऊक असावं, म्हणूनच ही बॅट सोलापूरकरापुढं आली. न्यूझीलंडविरुद्धचे ते २२३ म्हणजे कसोटीतलं भारताचं पहिलं द्विशतक. तशी बॅट खरोखर हाती लागली तर मी स्वतः पुण्याला जाईन. पण १९५५ साली हैदराबादच्या ड्रेसिंग रूममध्ये काळा मार्कर? तेव्हा आपल्याकडं सही व्हायची ती शाईच्या पेनानं. उम्रीगर २००६ पर्यंत हयात होते, तेव्हा जुन्या बॅटीवर त्यांनी पुढं कधीतरी मार्करनं सही केली असेल, हे शक्य आहे. मग ‘त्याच संध्याकाळी’ हे तरी खोटं ठरतं. आणि जो माणूस एवढ्यात खोटं बोलतो, त्याच्या ‘हीच ती बॅट’ या शब्दावर तुम्ही फंड मोडणार?

बॅट प्रत्यक्ष हातात आलीच तर सराफ बाजारातल्या ओळखीच्या सोनाराकडं न्या आणि त्याच्या भिंगाखाली धरा. जुन्या बॅटींना जवसाचं तेल पाजलेलं असतं, लाकूड पिवळं-तपकिरी पडतं, बारीक चिरा जातात. शाई चिरेच्या आत उतरली असेल तर चीर आधीची आणि सही नंतरची. रेघ सगळीकडं सारख्याच जाडीची आणि मध्येच थबकलेली दिसली तर ती बघून बघून गिरवलेली. आणि ठिपके ठिपके दिसले, तर ती छापलेलीच.

गेल्या वर्षी एकजण १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यातला म्हणून एक ब्लेझर घेऊन आला होता. लोकर झकास, बटणंही जुन्या वळणाची. मी अस्तराच्या शिलाईचं सुटं टोक कात्रीनं घेतलं आणि काडी लावली. सुताची राख होते, लोकरीला केस जळल्याचा वास येतो. याचा मात्र वितळून कडक मणी झाला. पॉलिस्टर! ते १९४१ मध्ये शोधलं गेलं. मागाहून दुरुस्ती झाली म्हणावं, तर आतली-बाहेरची सगळी शिलाई त्याच दोऱ्याची. गृहस्थ चहा न घेताच गेले.

आता ते प्रमाणपत्र. कुणी दिलंय? विकणाऱ्यानंच किंवा त्याच्या मित्रानं दिलं असेल तर ती रद्दी. होलोग्रामचे रोल बाजारात मिळतात. अमेरिकेत नव्वदच्या दशकात एफबीआयनं ‘ऑपरेशन बुलपेन’ मोहिमेत खोट्या सह्यांची टोळी पकडली. खोट्या सहीबरोबर खोटं प्रमाणपत्रही तयारच असे. त्या मालात चक्क मदर तेरेसांच्या सहीचा बेसबॉल निघाला होता. त्यालाही गिऱ्हाईक मिळालं असतं, याबद्दल मला शंका नाही.

खरा माल तपासतात कसा? फुटबॉलपटू मॅराडोनानं १९८६ च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध हातानं गोल केला, तो ‘हँड ऑफ गॉड’वाला शर्ट २०२२ मध्ये लिलावात आला, तेव्हा त्याच्या मुलीनंच शंका काढली की हा त्या गोलच्या हाफमधला नव्हेच. लिलाववाल्यांनी शर्टावरच्या खुणा सामन्याच्या फोटोंशी ताडून घेतल्या होत्या. शिवाय सामना संपल्यावर ज्याच्याशी त्यानं शर्ट बदलला, तो इंग्लंडचा स्टीव्ह हॉज स्वतःच मालक होता. मधे कुणी नाही. तो शर्ट ७१ लाख पौंडांना गेला. तुमच्या गृहस्थांना एवढंच विचारा : हे तुमच्याकडं कुणाकडून आलं, त्याच्याकडं कुणाकडून, आणि त्याचा कागद कुठाय?

कायद्याचं थोडक्यात. घरातली एखादी वस्तू विकणारा खाजगी माणूस व्यापारी ठरत नाही, त्यामुळं ग्राहक आयोगाचं दार सहजी उघडत नाही. राहतो दिवाणी दावा, नाहीतर फसवणुकीची फिर्याद. वस्तू चोरीची निघाली तर मूळ मालक ती परत मागू शकतो आणि तुमचे पैसे गेल्यात जमा. आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एका व्यवहारात रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही. ‘रोखच द्या’ म्हणणाऱ्याला पावती द्यायची नसते, हे तुम्हाला मी सांगायला नको. ती मुंबईची पार्टी खरीच असेल, तर जाऊ द्या तिला.

वहिनींचं ऐका. त्या अकरा हजारांसाठी आजच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा, फोनवर बोलू नका : ‘व्यवहार रद्द, टोकन याच खात्यावर परत करा.’ त्यांनी पाठवलेले फोटो, शर्ट-बॅटीबद्दलचे मेसेज, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून मुलाच्या फोनवरही ठेवा. टाळाटाळ सुरू झाली किंवा नंबर ब्लॉक झाला तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार द्या आणि बँकेलाही लेखी कळवा. तिथं संकोच करून चार दिवस थांबलात तर पैसे पुढच्या खात्यात गेलेले असतील.