'टॉर्मेंट' या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ काय? समानार्थी शब्द कोणते?

टॉर्मेंट म्हणजे छळणे, गांजणे, पिडणे. एखादा फटका मारला तर तो टॉर्मेंट नव्हे. त्रास थांबतच नाही, पुन्हा पुन्हा होतो, तेव्हा हा शब्द शोभतो. त्रास देणारा माणूसच असायला हवा असंही नाही. दाढदुखी, आठवणी, अपराधाची टोचणी हेही टॉर्मेंट करतात.

शब्दाचं मूळ लॅटिन 'टॉर्क्वेरे', म्हणजे पिळणे. टॉर्चर आणि गाडीच्या इंजिनाचा टॉर्क त्याच मुळातले. आपल्याकडेही 'पिळणे'वरून 'पिळवणूक' आला (त्याचा अर्थ शोषणाकडे झुकला, ते वेगळं). दोन दूरच्या भाषांना दुःखासाठी एकच चित्र सुचावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

जवळचे शब्द: टॉर्चरमध्ये मुद्दाम केलेले हाल येतात, हॅरॅस म्हणजे सतावणे, आणि अफ्लिक्ट बहुधा आजार किंवा दुष्काळासारख्या संकटांसाठी.

गल्लत होते ती इन्फ्लिक्टमध्ये. टॉर्मेंटचं कर्म माणूस असतो, इन्फ्लिक्टचं कर्म वेदना किंवा नुकसान. म्हणून 'त्याने मला इन्फ्लिक्ट केलं' हे चूक. 'त्याने माझ्यावर वेदना लादल्या' अशा वाक्यात इन्फ्लिक्ट बसतो.