अमिनो आम्लं डावी, साखर उजवी: याचं मूळ आकाशात आहे का?

तुम्ही विचारलंय, जिवांमधली अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) जवळजवळ सगळी डावी आणि साखरा उजव्याच का, आणि हा झुकाव अवकाशातून आला का. डावं-उजवं म्हणजे एकाच रेणूची दोन रूपं, आपल्या दोन हातांसारखी, एकमेकांची आरशातली प्रतिमा. आकाशातून आलं असं कुणी ठासून सांगितलं, की मी आधी विचारतो: रीडिंग जंतूंनी तर फुगवलं नाही ना?

याला कारण आहे. घटप्रभेच्या पट्ट्यातल्या एका साखर कारखान्यात मी बावीस वर्षं लॅब केमिस्ट होतो. रस शिशाच्या क्षाराने निवळायचा, गाळायचा, नळीत भरायचा आणि पोलारिमीटरच्या भिंगातून पिवळ्या उजेडाचे दोन्ही अर्धे सारखे दिसेपर्यंत चक्र फिरवायचं. साखर प्रकाशाची पातळी उजवीकडे वळवते. जितकं वळण तितकं पोल, म्हणजे रसातली साखर.

एका हंगामात कुठल्याशा बंदमुळे उसाच्या गाड्या चार दिवस अड्ड्यावर अडकल्या. ऊस आंबूस वास मारायला लागला. तो गव्हाणीत, म्हणजे ऊस आत नेणाऱ्या पट्ट्यावर, पडला तेव्हा रस बुळबुळीत, फिल्टर पेपरमधून उतरेना. पोल मात्र झकास! आणि पोती कमी. साहेबांचा हिशेब सरळ: पोल आहे म्हणजे साखर आत आली, बाहेर पडली नाही म्हणजे तुमच्या पाळीत मुरली. मला मेमो.

शिळ्या उसात ल्युकोनोस्टॉक नावाचा जंतू वाढतो. तो साखर खाऊन डेक्स्ट्रान नावाचा गोंद करतो, आणि हा गोंद प्रकाशाला साखरेच्या जवळजवळ तिप्पट उजवीकडे वळवतो. साखर घटते, काटा चढतो. मी रसात अल्कोहोल ओतून गढूळ झालेली नळी दाखवली. साखर शिजते त्या पॅनमधले सुईसारखे लांबुडके दाणे तळहातावर घेऊन केबिनमध्ये गेलो. दोन्ही डेक्स्ट्रानच्याच खुणा. साहेब म्हणाले, "बिडो मारायाऽ (सोड रे बाबा), मशीन खोटं बोलत नाही." मशीन खोटं बोलत नव्हतंच. ते वळण सांगत होतं. साखर साहेब म्हणत होते.

आता उल्का. 28 सप्टेंबर 1969 ला ऑस्ट्रेलियात मर्चिसनला जी पडली, तिच्यात अमिनो आम्लं मिळाली आणि काही डावी जास्त निघाली. शंका तीच: इथल्या जंतूंची आम्लं बहुतेक डावीच असतात, ती शिरली असली तर? क्रोनिन आणि पिझ्झारेलो या शास्त्रज्ञांनी 1997 मध्ये अक्कलहुशारीने पृथ्वीवरच्या जिवांत सहसा न सापडणारी आम्लंच मोजली. तरी डावी काही टक्के जास्त! पुढे आयसोव्हॅलीन या अशाच एका आम्लात ही बढत 18 टक्क्यांपर्यंत मोजली गेली. मृग नक्षत्रातल्या, तारे जन्मतात त्या ढगात वर्तुळाकार ध्रुवीभूत प्रकाश, म्हणजे स्क्रूसारखा एकाच बाजूला फिरत जाणारा प्रकाश, 1998 मध्ये दिसला होता. तसल्या अतिनील किरणांखाली एका हाताचे रेणू किंचित जास्त फुटतात. इथवर आकाशवाल्यांची बाजू पक्की वाटते.

मग बेन्नू लघुग्रहाची माती 2023 मध्ये बंद कुपीतून आली, म्हणजे इथले जंतू शिरायची भीती कमी. जिवांच्या 20 पैकी 14 अमिनो आम्लं तिच्यात निघाली, पण डावी-उजवी साधारण सारखीच. म्हणून माझं स्पष्ट मत: आकाशाने फार तर पारडं हलवलं, माप इथेच पडलं. फ्रँक या शास्त्रज्ञाने 1953 मध्ये कागदावर दाखवलं, की रेणू स्वतःसारखेच रेणू घडवत आणि उलट हाताच्यांना मारत गेला, तर चिमूटभर झुकाव अख्खं भांडं काबीज करतो. सोआई या रसायनशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये अशी स्वतःला वाढवणारी क्रिया खरोखर घडवून दाखवली. डावीच का जिंकली? मला तर ती नाणेफेक वाटते.

बेन्नू एकच आहे, एवढ्यावर मोठा निकाल देऊ नये, हेही खरं. आणि सोआईंची रसायनं आदिम पृथ्वीवरच्या डबक्यात असायची शक्यता नाही. आणखी एक, 'उजव्या' साखरेतला उजवा हा रेणूच्या घडणीचा, प्रकाशाच्या वळणाचा नव्हे. फ्रुक्टोज घडणीने उजवं, पण प्रकाश डावीकडे वळवतं. हा विषय शिकायचा असेल तर महिनाभर पोलारिमीटरवर बसा, एक नळी ताज्या रसाची, एक शिळ्या. आमच्या साहेबांनी हे एकदा केलं असतं तर माझी ती पगारवाढ अडली नसती.

मागच्या वर्षी निपाणीत एका लग्नात ते भेटले. पंगतीत शेजारीच बसलो, बेन्नूची सगळी गोष्ट सांगितली. जिलेबी वाढून घेत म्हणाले, "ते सगळं असू दे. त्या पाळीतली साखर गेली कुठं?"