सणांची वही सोळा वर्षांच्या मुलीच्या हाती

न्यू जर्सीतील एका वाचक भगिनींनी लिहिले आहे की, घरात दोन पगार येत असूनही दर वर्षी जानेवारीच्या अखेरीस क्रेडिट कार्डाचे बिल उघडले की पती-पत्नींत अबोला होतो. येत्या डिसेंबरात चौघांना पुण्याला जायचे आहे. सोळा वर्षांच्या मुलीला नवा फोन हवा आहे आणि "मी चार हप्त्यांत घेते, तुम्हाला कळणारही नाही" असे तिचे म्हणणे आहे. अकरा वर्षांच्या मुलाला पैसे कार्डातून येतात, यापलीकडे काही ठाऊक नाही. खर्च कसा आवरावा आणि मुलांना पैशाची समज द्यायला कोठून सुरुवात करावी, असे दोन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

मला हे दोन प्रश्न वेगळे वाटत नाहीत. ज्या खर्चावरून आपण जानेवारीत भांडता, त्याच खर्चाची वही ऑगस्टमध्ये मुलीच्या हातात दिली, तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. मुलांना बचतीवर व्याख्यान देऊ नये, ते त्यांना शाळेतही मिळते आणि तेथेही ती ऐकत नाहीत. घरातला खरा हिशेब, खऱ्या मर्यादेसह आणि चुकण्याच्या मुभेसह त्यांच्यासमोर ठेवावा.

प्रथम हिशेबाची एक चूक पाहू. आपल्या पत्रात "डिसेंबरचा खर्च" असा शब्दप्रयोग तीन वेळा आला आहे. अमेरिकेतील मराठी घराचा सणाचा खर्च डिसेंबरात सुरू होत नाही. तो गणपतीत सुरू होतो. मखर, मोदकांचे साहित्य, महाराष्ट्र मंडळाची वर्गणी, त्यानंतर दसऱ्याची खरेदी, दिवाळीचा फराळ (आणि हल्ली तो पुण्याहून कुरियरने मागवला तर चकलीपेक्षा चकलीच्या प्रवासाला अधिक पैसे), मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाची तिकिटे, मध्येच मुलांचे हॅलोविनचे पोशाख, नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग, दुसऱ्या दिवशी ब्लॅक फ्रायडे, मग शिक्षकांना द्यायची गिफ्ट कार्डे, कार्यालयातील सिक्रेट सांता आणि अखेर भारतवारी. आपण दोन संस्कृतींचे सण साजरे करतो आणि दोन्हींचे बिल एकाच पगारातून भरतो. इथल्या शेजाऱ्याला दिवाळी नाही, पुण्यातल्या भावाला ब्लॅक फ्रायडेचा एवढा ताप नाही. आपल्याला दोन्ही आहेत.

म्हणून वहीचे पहिले पान गणपतीपासून जानेवारीपर्यंतचे असावे आणि ते मुलीने गेल्या वर्षीच्या कार्ड-विवरणांवरून स्वतः भरावे. उदाहरणादाखल, तिकिटांसह सगळी बेरीज ९,६०० डॉलर निघाली, तर तिला बाराने भागायला सांगावे. महिना ८०० डॉलर. हे ८०० डॉलर जानेवारीपासून वेगळ्या बचत खात्यात आपोआप वळते झाले, तर सण रोखीचा होतो. झाले नाहीत, तर तेच पैसे पुढल्या वर्षी व्याजासह द्यावे लागतात. ऋण काढून सण करू नये, असे आपण आजीकडून ऐकलेले असते. पण आजीच्या काळी ऋण काढायला सावकाराच्या दारात उभे राहावे लागे आणि त्या लाजेनेच निम्मे काम होई. आता कार्ड टेकवले की ऋण निघते आणि ते ऋण आहे हेही जाणवत नाही.

मुलीला ते आकड्यांत दाखवावे. अमेरिकेत कार्डांचे वार्षिक व्याजदर आज सर्रास वीस टक्क्यांच्या वर असतात. समजा, १,२०० डॉलर थकले आणि दर २४ टक्के आहे. पहिल्या महिन्याचे व्याज २४ डॉलर. मुद्दलाचा एक टक्का आणि त्या महिन्याचे व्याज यांची बेरीज, अशा पद्धतीने किमान रक्कम ठरत असेल, तर भरायचे ३६ डॉलर आणि त्यांपैकी मुद्दलातून वजा होणार फक्त १२. दर महिन्याला ३६ डॉलरच भरत राहिले, तर फेडायला साडेचार वर्षांहून अधिक काळ लागेल आणि एकूण सुमारे २,००० डॉलर जातील. हे गणित आपण तोंडी सांगू नये. तिला तक्ता मांडून महिन्यामागून महिना वजाबाकी करू द्यावी. आठव्या-नवव्या ओळीला तिचा चेहरा बदलेल.

चार हप्त्यांच्या फोनचे मात्र वेगळे आहे. अशा योजनांत बहुधा व्याज नसते, हप्ता चुकला तर दंड असू शकतो, आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय असे खाते उघडता येत नाही. म्हणजे "तुम्हाला कळणारही नाही" असे म्हणणारी आपली कन्या हप्ते आपल्याच नावावर बांधणार आहे. मी तिला नकार देणार नाही. फोनची किंमत भागिले तिचा तासाचा हातात पडणारा पगार, एवढा एकच भागाकार करायला सांगेन आणि उत्तर तासांत लिहून घेईन. त्यानंतरही तिला तो फोन हवा असेल, तर तो तिचा निर्णय आहे आणि तो तिला घेऊ द्यावा.

आपण लिहिता की ती उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात काम करते आणि पहिला पगार पाहून "माझे पैसे कोणी कापले" म्हणून चिडली होती. ही संधी आपण दवडली. पगाराच्या चिठ्ठीवर सोशल सिक्युरिटी या निवृत्तिवेतन योजनेचे ६.२ टक्के आणि मेडिकेअर या ज्येष्ठांच्या आरोग्य विम्याचे १.४५ टक्के, म्हणजे शंभर डॉलरमागे ७ डॉलर ६५ सेंट जातात, राज्याची कपात वेगळी. ती चिठ्ठी जेवणाच्या टेबलावर शेजारी आपली चिठ्ठी ठेवून वाचावी. आपल्या चिठ्ठीवरच्या कपातींची संख्या पाहून तिचा राग आपोआप शमेल.

आणि याच कमाईमुळे तिच्यासाठी एक दार उघडते, ज्याकडे बहुतेक मराठी पालक दुर्लक्ष करतात, कारण आपले लक्ष महाविद्यालयाच्या खर्चावर, म्हणजे त्यासाठीच्या ५२९ नावाच्या बचत खात्यावर खिळलेले असते. कमावत्या अल्पवयीन मुलासाठी पालकांच्या देखरेखीखालील रॉथ आयआरए हे निवृत्तीसाठीचे बचत खाते उघडता येते. मर्यादा म्हणजे सरकारने ठरवलेली रक्कम (२०२५ साठी ती ७,००० डॉलर होती) किंवा त्या वर्षीची प्रत्यक्ष कमाई, यांपैकी जी कमी ती. तिने उन्हाळ्यात २,४०० डॉलर मिळवले असतील, तर तिचे पैसे तिच्याकडे राहू देऊन दिवाळीची भेट म्हणून ६०० डॉलर आपण त्या खात्यात भरू शकता. भरलेली एकूण रक्कम तिच्या कमाईपेक्षा अधिक नसली म्हणजे झाले. मग तिला ७२ चा नियम शिकवावा. वार्षिक वाढ सात टक्के धरली, तर ७२ ला ७ ने भागून साधारण दहा वर्षांत रक्कम दुप्पट होते. बाजार याची हमी देत नाही आणि महागाई त्यातला मोठा वाटा खाते, हेही सांगावे. तरी ६००, १,२००, २,४००, ४,८००, ९,६००, १९,२०० ही पन्नास वर्षांची शिडी तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलेली असावी.

येथे एक सूचना अन्य वाचकांसाठी. ज्या घरांत मुले एच-४ व्हिसावर, म्हणजे पालकांच्या कामाच्या व्हिसावर अवलंबून आलेली आहेत, तेथे हा मार्ग बंद आहे, कारण त्या मुलांना पगारी काम करण्याची परवानगी नसते; वर्गातील मित्र दुकानात काम करतो म्हणून आपल्या मुलाला हौसेनेही तेथे पाठवू नये. अशा मुलांना स्वतःच्या कमाईतून शिकता येत नाही, म्हणून घरच्या वहीतला त्यांचा वाटा अधिक मोठा ठेवावा. किराण्याचा संपूर्ण महिना एखाद्या पंधरा वर्षांच्या मुलाकडे सोपवून पाहावा. तिसऱ्या आठवड्यात वरण-भात अधिक वेळा होईल, पण त्याने काही बिघडत नाही.

आता भेटवस्तूंविषयी, जेथे आपले पैसे सर्वांत अधिक गळतात आणि जेथे आपण मुलांसमोर सर्वांत अधिक खोटे बोलतो. आमच्या पहिल्या भारतवारीत मी तेवीस किलोच्या दोन बॅगा चॉकलेटे, बदाम, अत्तरे आणि हातपिशव्यांनी भरून नेल्या होत्या. प्रत्येक घरी काही ना काही दिले, कोणी राहिले तर काय म्हणतील या धास्तीने विमानतळावरही खरेदी केली. तीन वर्षांनी पुन्हा गेले, तेव्हा एका काकूंच्या कपाटात तेच अत्तर वेष्टनासह होते आणि त्या मायेने म्हणाल्या, "अगं, हे सगळं आता इथेच मिळतं, तू कशाला ओझं वाहतेस?" मला राग आला होता, तो त्यांचा नव्हता. त्या बॅगांचे पैसे आम्ही पुढचे सात महिने फेडत होतो.

आपण हे का करतो, याचे उत्तर पैशाच्या तक्त्यात सापडत नाही. आई रुग्णालयात होती तेव्हा आपण व्हिडिओवर होतो, भाच्याच्या मुंजीला पोहोचलो नाही, भावाने एकट्याने सगळे निभावले. त्या न फिटणाऱ्या देण्याचा हप्ता आपण चॉकलेटांत भरू पाहतो. इथे मुलांच्या बाबतीतही तेच होते, आजी-आजोबा नाहीत, चुलत भावंडे नाहीत, निदान खेळणी तरी असू देत. मुले हे सगळे पाहत असतात. त्यांना जो पाठ मिळतो तो असा की, माणसाजवळ जाता आले नाही तर वस्तू पाठवावी. या वर्षी भेटवस्तूंच्या यादीची रक्कम आधी ठरवा आणि त्यातील नावे मुलीला लिहू द्या. प्रत्येक नावापुढे वस्तूऐवजी "काय करणार" हा रकाना असावा. आजीला घेऊन सारसबागेत एक संध्याकाळ, काकांबरोबर रविवारची मिसळ, असे काही त्या रकान्यात आले, तर बॅग हलकी होईल. ज्येष्ठांची औषधे, तपासण्या यांसाठी आपण जे पैसे दरमहा पाठवता, तेही वहीत मुलांना दिसू द्यावेत. ते लपवण्याजोगे नाहीत.

धाकट्याची सुरुवात भाऊबीजेपासून करावी. आपल्याकडे होते असे की, ओवाळून झाल्यावर तबकात टाकायची नोट आई दोन मिनिटे आधी मुलाच्या हातात कोंबते. पैसे आईचे, पुण्य भावाचे. यंदा ती रक्कम त्याने आपल्या साठवणीतून द्यावी, पाच डॉलर असले तरी चालतील, आणि किती द्यायची ते त्यानेच ठरवावे. त्यासाठी साठवण हवी, म्हणून त्याला दर आठवड्याला ठरलेली रक्कम रोख द्यावी. ती घरकामाचा मोबदला म्हणून देऊ नये, असे माझे मत आहे. आपले ताट उचलण्याचे पैसे मिळतात हे एकदा डोक्यात बसले, की पुढे प्रत्येक कामाचा दर विचारला जातो. आणि पाहुण्यांनी दिलेली ओवाळणी "दे, मी ठेवते" म्हणून आपल्याकडे जमा करण्याची जी पुरातन पद्धत आहे, ती थांबवावी. आईच्या बँकेतील ठेव परत मिळाल्याचे माझ्या माहितीत एकही उदाहरण नाही.

पुण्यात पोहोचल्यावर दोघांनाही प्रत्येकी पाच हजार रुपये रोख द्यावेत आणि मुक्कामभर डॉलरमध्ये भाषांतर करण्यास बंदी घालावी. तुळशीबागेत प्रत्येक वस्तू "फक्त चार डॉलर" असते आणि असे पंधरा वेळा म्हटले की आजोबांच्या पेन्शनीतल्या एका आठवड्याएवढी रक्कम पिशवीत जाते. रुपयाची किंमत रुपयातच कळावी लागते, आणि ती आत्येभावाला त्याच्या महिन्याच्या खर्चाविषयी विचारले, तर लवकर कळते. दुकानदार आता क्यूआर कोड पुढे करेल आणि सुट्ट्यांसाठी कुरकुर करेल, तरी नोटा मोजण्याचा अनुभव मुलांना इथे मिळत नाही, तो तेथे घेऊ द्यावा.

जाता जाता, आजोबांनी नातवंडांच्या नावे बँकेत ठेव ठेवली असेल तर तिची चौकशी करावी. अमेरिकी करनिवासी व्यक्तीच्या परदेशी खात्यांची एकत्रित शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा अहवाल, भरावा लागतो आणि व्यक्ती अल्पवयीन असली तरी तो चुकत नाही. मुलाच्या वतीने तो पालकांनी भरायचा असतो. रक्कम त्याहून कमी असली तरी ठेवीचे व्याज इथल्या करासाठी उत्पन्नात धरले जाते. आजोबांचे मन न दुखवता हे कसे सांगायचे, ते काम मी सोळा वर्षांच्या नातीवर सोपवेन. आजोबा तिचे ऐकतात.

आपल्या पत्राच्या तळाशी, जवळजवळ कुजबुजत, एक प्रश्न आहे: मुलांना आपला पगार सांगावा का? मुलीला सांगावा. एक-दोन वर्षांत महाविद्यालयीन अर्थसाहाय्याचा फॅफ्सा अर्ज भरताना उत्पन्नाचा विषय निघणारच आहे, तो आकडा तिला प्रथम तेव्हा कळणे बरे नव्हे. पण पगार एकटा सांगू नये; गृहकर्जाचा हप्ता, मालमत्ता कर, आरोग्य विम्याचा हप्ता, पुण्याला जाणारी रक्कम आणि सणांचे ते ८०० डॉलर हे सारे त्याच कागदावर खाली लिहून, वजाबाकी करून जे उरते ते दाखवावे. धाकट्याला अजून दोन वर्षे केवळ वजाबाकीनंतरचा आकडा पुरे. वरचा आकडा त्याला कळला, तर डिसेंबरात विमानतळावर उतरल्यापासून तासाभरात तो सगळ्या सदाशिव पेठेला कळलेला असेल.