वरचं दूध सुरू केलं तर अंगावरचं आटेल का?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी सोलापुरात युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात कामाला आहे. मुलगी साडेतीन महिन्यांची, वजन साडेपाच किलो. आजवर फक्त अंगावर पाजलं. पुढच्या सोमवारपासून कामावर जायचंय, सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेपाच. डॉक्टरांनी पावडरचा डबा लिहून दिलाय. सासूबाई म्हणतात, दोन दुधं पोटात एकत्र झाली की फाटतात, एकच काय ते ठेव. शेजारीण म्हणते, वरचं सुरू केलं की अंगावरचं आटतं. मला अंगावरचं तोडायचं नाही. काय करू?
– एक आई, सोलापूर

उत्तर : तोडू नकोस. दोन्ही दुधांवर बाळं छान वाढतात, मी वॉर्डात वर्षानुवर्षं पाहिलंय.

सासूबाईंची भीती आधी घालवू. कुठलंही दूध पोटात गेलं की तिथल्या रसाने ते फाटतंच, तुझंही. म्हणून तर बाळ कधी कधी दह्यासारखं ओकतं. त्यांना हे शांतपणे सांग. दिवसभर लेक त्यांच्याच मांडीवर असणार आहे.

शेजारणीचं अर्धं खरं आहे. छाती जितकी रिकामी होते तितकं दूध पुन्हा तयार होतं. बाळाला डबा पाजला आणि तुझी छाती तशीच भरलेली राहिली, तर शरीर हळूहळू हात आखडतं. मग उपाय त्यातच आहे. घरी असशील तेव्हा डब्याला हात लावायचा नाही. निघायच्या आधी पाज, परत आल्यावर पदर घे आणि आधी तेच कर. रात्रीचं पाजणं तर मुळीच सोडू नकोस, दूध वाढवणारा स्राव रात्री जास्त असतो. माझ्या थोरलीच्या वेळी मी रात्रपाळीला होते. पहाटेपर्यंत ब्लाऊज भिजून जायचा. घरी आले की चहाही न घेता तिला जवळ घ्यायची. दीड वर्ष पाजलं, रात्री वरचं देऊनही.

कामावर जेवणाच्या सुट्टीत हात स्वच्छ धुऊन हातानेच दूध काढ. तिथे फ्रिज नसेल आणि ते टाकावं लागलं, तरी काढ. छाती दगडासारखी होणार नाही, आणि शरीराला कळेल की अजून मागणी आहे. सकाळी पाजल्यावर उरलेलं काढून उकळलेल्या झाकणाच्या वाटीत घातलंस, तर घरच्या फ्रिजमध्ये ते २४ तास ठेवता येतं. लेकीला आधी तेच द्यायचं, मग डब्याचं. एकत्र केलेलं उरलं तर तुझंही दूध फेकावं लागतं, आणि ते फेकताना जीव तुटतो.

आता डबा. इथे मात्र नीट लक्ष दे. आमच्या वॉर्डात एक बाळ आलं होतं, महिनाभर वजन हललंच नव्हतं. आजार काही सापडेना. शेवटी आजीला दूध करून दाखवा म्हटलं, तेव्हा कळलं : डबा महागडा, तो महिनाभर पुरावा म्हणून चार मापांच्या जागी त्या दोनच घालत होत्या. पोट भरत होतं, बाळ उपाशी होतं. आजीचा जीव होता त्या बाळावर, पण माप कुणी सांगितलंच नव्हतं. बहुतेक डब्यांत ३० मिलिलिटर पाण्याला एक सपाट माप असतं, तरी तुझ्या डब्यावरचं वाच आणि डब्यातलाच चमचा वापर. आधी पाणी, मग पावडर. दाट करणंही वाईट.

पाणी चांगलं उकळलेलं हवं. आपल्याकडे नळ चार-पाच दिवसांनी येतो, सगळं साठवलेलं पाणी. जारचं असलं तरी उकळ. पावडर जंतुमुक्त नसते, म्हणून पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, गरम असतानाच पावडर घालायची आणि भांडं थंड पाण्यात धरून दूध कोमट करायचं. एका वेळेपुरतंच करा, लगेच पाजा, उरलेलं टाका. एप्रिलच्या सोलापुरात सकाळी करून ठेवलेलं दूध दुपारी देणं म्हणजे जुलाबाला बोलावणं. बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडलं (बाळाला पाजायचं चोचीचं छोटं भांडं) बरं, घासून उकळायला सोपं.

साडेपाच किलोच्या बाळाला दिवसभरात सगळं मिळून साधारण ८०० मिलिलिटर लागतं, म्हणजे एका वेळी शंभरच्या आसपास. तू नसताना तीन वेळा धर. तोंड फिरवलं की थांबायचं. गाई-म्हशीचं दूध वर्षाच्या आत नको, आणि उन्हाळा आहे म्हणून सहा महिन्यांच्या आधी वेगळं पाणीही नको.

एक विचारून घे. तुझ्या कारखान्यात दहा किंवा जास्त माणसं असतील, तर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळते, आणि बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत कामात दोनदा पाजायची सुट्टीही. घर जवळ असेल तर सासूबाई दुपारी लेकीला घेऊन येऊ शकतील.

सोमवारची वाट पाहू नकोस. दोन-तीन दिवस आधी दुपारचं एक पाजणं वरच्या दुधावर कर, आणि ते सासूबाईंनी पाजू दे, तू दुसऱ्या खोलीत थांब. माप आधी तू त्यांना करून दाखव, मग त्या करतील ते बघ. दिवसाला सहा तरी लंगोट ओले होतात का मोजा, आणि पंधरा दिवसांनी वजन करून मला पुन्हा लिही.